कडुनिंबाला टांगलेला रूळ

मी रुळाचा तुकडा बोलतोय. अख्खा रूळ नाही. दोन हात लांबीचा, एका टोकाला भोक पाडलेला तुकडा. आर्णीच्या रस्त्यापासून थोडं आत बोरखडी नावाचा तांडा आहे. तिथल्या लहानशा चर्चच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला मी साखळीनं टांगलेला असतो. चर्चसाठी पितळी घंटा आणायचं ठरलं होतं. ती आली नाही. मग लोक मलाच घंटी म्हणू लागले आणि मीही ओ देऊ लागलो.

माझी घडण विलायतेतली. बोटीतून मला इकडे आणलं आणि दारव्ह्याच्या बाजूला छोट्या लाइनीवर झोपवलं. माझ्यावरून कापसाच्या गाठी गेल्या, लग्नाची वऱ्हाडं गेली, बदलीवर निघालेले मास्तर गेले. गाडी इतकी सावकाश चालायची की लोक उतरून, बोरं तोडून पुन्हा डब्यात चढत. मला ते काम बरं वाटायचं. वजन आलं की सोसायचं, गेलं की पडून राहायचं.

पुढे एका दुरुस्तीत मला तडा गेलेला निघाला. मला उपसलं, कापलं आणि भंगाराच्या ढिगात टाकलं. तिथं माझ्यावर गवत वाढलं. एका सरड्यानं घर केलं. माझं आयुष्य संपलं असं मी धरून चाललो होतो.

तिथून मला उचललं फादर कुरियन यांनी. ते केरळातले. त्यांचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण 'ळ' मात्र तांड्यातल्या कुणाहूनही स्वच्छ. बोरखडीत त्यांनी आणि सिस्टर लोकांनी आधी याच कडुनिंबाखाली दवाखाना सुरू केला होता. तांडा बंजाऱ्यांचा. एका उन्हाळ्यात जमनी नावाच्या बाईला विषमज्वर झाला, तेव्हा सिस्टर तिच्या खाटेजवळून हलल्या नाहीत. जमनी उठली. तिचा मुलगा नेमसिंग हे सगळं पाहत होता. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. एक दिवस तो फादरांकडे गेला आणि म्हणाला, "तुमच्या देवाचं मले सांगा."

फादरांनी सांगितलं, पण घाई केली नाही. पुष्कळ दिवस थांबवलं. मग तांड्यातल्या चार-पाच घरांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात नेमसिंग होता आणि त्याची बायको रुपीबाई. नेमसिंगला शिमोन असं नवं नाव मिळालं, पण त्याला त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

मला फांदीला टांगलं त्या दिवशी फादरांनी विचारलं, "ही घंटा कोण वाजवणार? रोज तीनदा. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. नेमसिंग म्हणाला, "मी वाजवतो."

"किती दिवस?"

"किती दिवस म्हणजे? वाजवतो म्हटलं ना."

एवढंच बोलणं झालं. फादरांनी त्याच्या हातात ट्रकचा एक जुना बोल्ट दिला आणि देवदूताची प्रार्थना शिकवली. तीन ठोके, मग थोडं थांबायचं आणि "नमो मरिया" म्हणायचं. पुन्हा तीन, पुन्हा थांबायचं. शेवटी सलग वाजवायचं.

तेव्हापासून तो वाजवत राहिला. मला मारण्याआधी तो डोक्यावरचा रुमाल काढायचा आणि घसा खाकरायचा, जणू माझ्याऐवजी त्यालाच गायचं आहे. ताप असला तर घोंगडी पांघरून यायचा. शेतात असला तर दुपारी विळा टाकून यायचा. लग्नाच्या पंगतीतून उष्ट्या हातानं आलेलाही मी पाहिला आहे. त्या दिवशी त्यानं डाव्या हातानं वाजवलं.

माणसांच्या सवयी मला झाडावरून नीट दिसतात. चर्चमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा आधी मला खडा मारून बघतो. बाया माझ्या साखळीला ओली ओढणी अडकवतात. नेमसिंगची वेळ रोज थोडी मागेपुढे व्हायची, तरी लोक माझ्यावर आपली घड्याळं लावत. आणि मग एसटी चुकली की मला शिव्या देत.

शेजारच्या घरातला पूनमसिंग, नेमसिंगचा चुलतभाऊ, बाप्तिस्म्याच्या वेळी फार रागावला होता. बरीच वर्षं त्यानं नेमसिंगच्या घरचं पाणी घेतलं नाही. पण पहाटेच्या माझ्या ठोक्यावर तो बैल सोडायचा. एकदा नेमसिंग बाहेरगावी कुठं जाऊन आला आणि दोन वेळा घंटी दुसऱ्या कुणी वाजवली, तर हाच कुंपणावरून ओरडला, "आज कोन वाजवून राह्यलं? नेमसिंग बीमार हाय का?" मग स्वतःच पाहायला आला. आला तसा चहा पिऊन गेला. पाण्याचा प्रश्न तिथंच मिटला.

नेमसिंग आणि रुपीबाईला एकच मुलगा, प्रेम. उशिरा झालेला. तो माझ्याखाली रांगला, माझ्याखाली शिकला आणि लग्न करून संगीताला घेऊन आला तेव्हा माझ्याचखाली त्यांचे फोटो काढले गेले. चर्चच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर आहे. म्हणून मला त्या घरातलं सगळं ऐकू येतं. ते आपसात गोरबोली बोलतात, बाहेरच्यांशी वऱ्हाडी. मी तुम्हाला सगळं वऱ्हाडीतच सांगतो.

ते वर्ष पराटीचं, म्हणजे कपाशीचं होतं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळी आली म्हणून जो तो फवारणीच्या मागे लागला. प्रेम आपलं शेत आटोपून रोजानं दुसऱ्यांकडेही पाठीवर पंप घेऊन जायचा. वर हात करून फवारावं लागे, सगळं औषध तोंडावर येई. एका संध्याकाळी तो अंगणात आला आणि कडुनिंबाला धरून उभा राहिला. "आई, मले धुकटच दिसून राह्यलं," म्हणाला. मग ओकला.

पूनमसिंगच्या गाडीतून त्याला यवतमाळला नेलं. संगीता आणि रुपीबाई सोबत गेल्या. नेमसिंगही गेला, पण रुपीबाईनं त्याला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. "घंटी कोन वाजवन?" ती म्हणाली. तिला वाटत होतं, आपला नेम चुकायला नको, मग देवही चुकणार नाही. नेमसिंग तीन वेळा वाजवायचा आणि उरलेला वेळ आत गुडघ्यावर असायचा. दुपारी जेवायचा नाही. त्याचा आवाज मी बाहेरून ऐकायचो. तो मागत होता. साधं, सरळ मागत होता, जसं शेजाऱ्याकडे विळा मागावा.

प्रेम वाचला नाही.

तांड्यात ख्रिस्ती माणूस गेला की मला एक-एक ठोका देतात, मध्ये बराच वेळ सोडून. प्रेमच्या वेळी लोक म्हणाले, नेमसिंग, तू बस, दुसरा कोणी वाजवेल. त्यानं बोल्ट सोडला नाही. त्यानंच वाजवलं. मी लोखंड आहे, माझा आवाज बदलत नाही. पण त्या दिवशी ठोका माझ्या मधोमध न बसता कडेला बसत होता.

मूठमाती देऊन तो आला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला वाजवायला हजर झाला. रुमाल काढला, घसा खाकरला, तीन ठोके दिले. थांबला. पण "नमो मरिया" म्हटलं नाही. नुसता थांबला, तेवढ्या वेळासाठी. पुन्हा तीन ठोके. सगळं झाल्यावर तो चर्चच्या दाराकडे वळला नाही. माझ्याखालच्या दगडावर बसला.

त्यानंतर तो आत गेला नाही. रविवारी सगळे आत जायचे, रुपीबाई जायची, संगीता जायची, आणि हा बाहेर दगडावर बसून राहायचा. प्रार्थना संपेपर्यंत उठायचाही नाही.

फादर कुरियन तोवर वारले होते. आता फादर इंद्रजीत येत. ते पुसदकडचे, वयानं लहान. त्यांच्याकडे पुष्कळ गावं, म्हणून महिन्यातून एकदाच त्यांची मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची मोठी उपासना, इथं होते. बाकीच्या रविवारी लोक आपली आपण प्रार्थना करतात. एकदा मिस्सा झाल्यावर ते नेमसिंगच्या शेजारी येऊन बसले.

"नेमसिंगकाका, तुम्ही आत येत नाही."

"नाई येत."

"राग आहे?"

"हाय. त्याच्याशी बोलनं बंद हाय माहं."

फादरांनी विचारलं, "मग घंटा कशाला वाजवता?"

नेमसिंगनं त्यांच्याकडे पाहिलं. "फादर, तुमचं लग्न नाई झालं म्हनून विचारता. रुपी एकदा माह्याशी बोलत नोती. कितीक महिने. पन भाकर दोन्ही टाइमाले टाकत होती. मी खाल्ली का नाई ते बी पाहात होती. बोलनं बंद झालं म्हनून कोनी घर सोडून जाते का?"

फादरांना हसू आलं आणि त्यांचे डोळेही भरले. त्यांनी उपदेश केला नाही. "बरं," ते म्हणाले, "तुमचं बोलणं सुरू होईपर्यंत मी आत तुमचं नाव सांगत जातो."

"सांगा. पन मी माफी मांगतली असं सांगू नोका."

रुपीबाई मात्र बोलतच होती. देवाशीही आणि नवऱ्याशीही. बाकीच्या रविवारी प्रार्थना तीच चालवायची. तिला वाचता येत नव्हतं, सगळं पाठ होतं. गळा जाड, सूर चुकलेला, पण तिच्यामागे लोक एका आवाजात म्हणत. ती नवऱ्याला आत चला म्हणत नसे. फक्त दार उघडं ठेवायची. थंडीतसुद्धा. बाया कुरकुरल्या की म्हणायची, "वारा येऊ द्या थोडा."

असे दोन नाताळ गेले. दोन्ही वेळा नेमसिंगनं चर्चला चुना दिला, बांबूच्या कामट्यांचा तारा करून माझ्या शेजारच्या फांदीवर चढवला, गव्हाणीसाठी तणस आणलं. ते सगळं दारापाशी ठेवून तो मागे वळायचा. आत बाळ येशू कुठं ठेवला हे त्यानं पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर रुपीबाईला खोकला लागला. औषधं झाली, यवतमाळला फेऱ्या झाल्या. फुप्फुस खराब झालं म्हणाले. खोकला जरा थांबला, पण आवाज गेला. नुसती कुजबूज उरली. ती अंगणात खाटेवर उन्हात पडून असायची, माझ्या सावलीपासून चार हातांवर.

आगमनकाळ सुरू झाला. नाताळाआधीचे हे चार रविवार. वाट पाहण्याचे, असं फादर कुरियन सांगायचे. पहिल्या रविवारी फादर इंद्रजीत दुसऱ्या गावी होते. नेमसिंगनं मला वाजवलं, लोक जमले, आत बसले. आणि बसूनच राहिले. सुरुवात कोण करणार ते कुणालाच कळेना. संगीताला कोणीतरी पुढं ढकलत होतं, ती नको म्हणत होती.

खाटेवरून रुपीबाईनं नवऱ्याला हात केला. तो जवळ गेला, कान तिच्या तोंडापाशी नेला.

"तुमी जा आत."

"मी? माहं त्याच्याशी..."

"ठाव हाय मले. तुमचं नोका म्हनू. माहं म्हना. मले बोलता येत नाई आता. मी बोलून राह्यली हो अजून त्याच्याशी, पन आवाज कुठून आनू?"

नेमसिंग उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, दगडावर जाऊन बसेल. त्यानं पायातल्या चपला काढल्या, दारात गेला, चौकटीला हात लावला आणि आत शिरला. कोणीतरी बाक सरकवला.

मग त्याचा आवाज आला. "रुपीकडून म्हनतो," तो म्हणाला. आणि त्यानं सुरू केलं, "हे आमच्या स्वर्गातील बापा..."

लोकांनी मागून धरलं. तुझे नाव पवित्र मानिले जावो. तुझे राज्य येवो. इथपर्यंत त्याचा आवाज सगळ्यांच्या पुढं होता. मग पुढची ओळ आली, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि तिथं तो थांबला. त्याच्यामागे सगळेच थांबले. मी बाहेर होतो, पण ती शांतता मला फांदीवर जाणवली. खाटेवर रुपीबाईचे ओठ हलत होते.

आतून एका म्हाताऱ्या बाईनं ती ओळ म्हटली. मग बाकीच्यांनी म्हटली. नेमसिंगनं नाही म्हटली. लोकांची ओळ संपली तशी त्यानं पुढची उचलली, "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." आणि शेवटपर्यंत नेली.

बाहेर आल्यावर तो रुपीबाईच्या खाटेवर पायथ्याशी बसला. "सांगितलं तुहं," म्हणाला. तिनं मान हलवली.

दुसऱ्या रविवारी तसंच झालं. त्या ओळीला तो थांबला, लोकांनी ती म्हटली, पुढची त्यानं घेतली. कुणी त्याला टोकलं नाही, कुणी समजावलं नाही. तांड्यातली माणसं एरवी कशावरूनही दिवसभर वाद घालतात. या गोष्टीवर त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या रविवारनंतर रुपीबाई गेली. सकाळी संगीता तिला ऊन दाखवायला खाट बाहेर ओढत होती, तेव्हा लक्षात आलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. दमलेलं माणूस झोपतं तशी होती.

नेमसिंग बोल्ट घ्यायला उठला. पूनमसिंग कुंपण ओलांडून आला आणि त्याच्या हातातून तो काढून घेतला. "आज तू बस तिच्यापाशी. मी वाजवतो."

"तुले येते का?"

"इतके साल ऐकून राह्यलो. नाई येईन?"

त्याला येत नव्हतं. तो घाईघाईनं वाजवत होता, मध्ये वेळच सोडत नव्हता. शाळा सुटल्यासारखं वाटत होतं. नेमसिंग खाटेजवळून म्हणाला, "हळू. हळू वाजव. ती काई पळून नाई चालली." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो मोठ्यानं रडला. पूनमसिंग डोळे पुसत हळू वाजवू लागला.

चौथ्या रविवारी फादर इंद्रजीत स्वतः आले होते. नेमसिंग बाहेर दगडावर बसला. आदल्या रविवारांचं काही झालंच नाही असा.

मग नाताळचा दिवस आला. फादर रात्रीची मिस्सा दुसरीकडे करून सकाळी इथं पोचले. थंडी होती, तुरीच्या शेतावर धुकं होतं. लोक नवे कपडे घालून आले. पूनमसिंगच्या घरून लापशीचं पातेलं आलं. नेमसिंगनं मला वाजवलं, सणाचं, सलग, आणि सगळे आत गेले. तो दगडावर बसला.

आत गीत सुरू झालं. मग संगीता बाहेर आली. हिरवी साडी नेसली होती, रुपीबाईची. ती सासऱ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, चला आत."

"कोनाचं म्हनू आता?" तो म्हणाला. "रुपीचं म्हनत होतो. ती गेली. आता तिचं तिले बोलता येते."

संगीतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "बाबा, तुमी बाहेर बसत होते म्हनून तुमाले ठाव नाई. प्रेम गेले तेव्हापासून ती ओळ मीबी म्हनली नाई. एकदाबी नाई. मी आत बसतो, सगळ्याइच्या मधात, आन तिथं आली का गप राह्यतो. आईले ठाव होतं. ती माह्या बाजूले बसून माह्या वाटचं जोरानं म्हने."

नेमसिंगनं मान वर केली.

"आता माह्या बाजूले कोनी नाई," ती म्हणाली. "चला. आपून दोघं संगं गप राहू."

मी लोखंड आहे. माझ्यावरून गाड्या गेल्या आहेत. पण तेव्हा जे झालं त्याचं वजन मला सांगता येणार नाही. नेमसिंगनं तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठला. दारात त्यानं चपला काढल्या. ती आधी आत गेली, मागून तो.

मिस्सा पुढं सरकली. मग फादरांनी सुरू केलं, "हे आमच्या स्वर्गातील बापा." सगळ्यांचे आवाज चढले. ती ओळ आली तेव्हा दोन आवाज त्यात नव्हते. मला ते कळलं, कारण त्यातला एक आवाज मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. बाकीच्यांनी ती ओळ त्या दिवशी जरा जास्तच जोरानं म्हटली. मग भाकरीची ओळ आली, आणि ते दोघे परत सगळ्यांत मिसळले.

मिस्सा संपल्यावर नेमसिंग गव्हाणीजवळ गेला असावा, कारण आतून त्याचा आवाज आला, "तणस कमी टाकलं लेकहो, थंडी किती हाय." लोक हसले. नंतर कुणीतरी बाहेर येऊन मूठभर तणस घेऊन गेलं.

त्याला आता काही वर्षं झाली. नेमसिंगचा खांदा कामातून गेला आहे. हात वर होत नाही. संगीता मला वाजवते. तिचा ठोका हलका आहे, तांड्याच्या पलीकडच्या टोकाला कमी ऐकू जातो, आणि त्यावरून लोक कुरकुरतात. नेमसिंग दगडावर बसून तिला मध्ये किती थांबायचं ते बोटांनी दाखवतो. त्या थांबण्यात दोघंही आता "नमो मरिया" म्हणतात. देवाच्या इच्छेची ती ओळ ते म्हणतात की नाही, हे मी सांगणार नाही. ते त्यांचं आणि देवाचं आहे. रविवारी तो आत असतो, एवढं खरं.

माझ्या मधोमध ठोक्यांनी खोलगट जागा झाली आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी साठतं आणि चिमण्या येऊन पितात. जुना तडाही हळूहळू लांबतोय. कधीतरी एखाद्या ठोक्याला मी दोन तुकडे होईन. त्याची मला काळजी नाही. दुसरं लोखंड मिळेल.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या चर्चच्या, देवळाच्या, घराच्या दाराबाहेर कुणी पाठ फिरवून बसलेलं दिसलं, तर तो सोडून गेला असं बोलू नका. तो कुठं बसला आहे तेवढं बघा. आणि दार लोटून घेऊ नका.

हा डिसेंबर लागला आहे. बांबूच्या कामट्या अंगणात येऊन पडल्या आहेत, चुना भिजत घातला आहे. संगीता कापूस वेचून परत येतेय, कापूस भरायची ओटी अजून कमरेला तशीच आहे. तिनं बोल्ट उचलला. आता मला बोलणं थांबवावं लागेल, संध्याकाळची वेळ झाली.